दुसरी चिमूट

त्या रविवारी बंद पडलेल्या सिनेमागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, मधल्या वाटा भरल्या होत्या, आणि ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ते पडद्यासमोरच्या मंचाला टेकून उभे होते. मंचावर अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ लाल फुगा फुगवत होते. आता फुगा फुगवणं ही काही जगावेगळी करामत नाही, पाच वर्षांचं पोरही ती करतं. पण हेच गृहस्थ चार महिन्यांपूर्वी याच मंचावर मेणबत्ती विझवायला उभे राहिले होते आणि तीन फुंकरा मारूनही ज्योत नुसती हलली होती. तेव्हा त्यांना दोघांनी धरून खाली उतरवावं लागलं होतं.

"एक!" माईकवाला ओरडला. "दोन! अण्णा, अजून एक दम! तीन!"

फुगा भोपळ्याएवढा झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या बाजूला कुणीतरी रडायलाच लागलं.

पहिल्या रांगेत काटाताई बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या. अण्णा तिचे वडील. त्यांचे गाल गुबगुबीत झाले होते, चेहरा कसा वाटोळा, लालसर, तुकतुकीत दिसत होता. शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशींनी तिच्या दंडाला धरून म्हटलं, "काय तेज आलंय गं अण्णांना! आमच्याच पुडीत काहीतरी कमी पडतंय बघ."

"सगळ्यांची पुडी सारखीच असते, मावशी," काटाताई म्हणाली आणि नजर फुग्याकडे वळवली. हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्या अख्ख्या सभागृहात फक्त तिलाच माहीत होतं.

मग श्वासगुरू उठले. आकाशी झगा, आकाशी चपला, चष्म्याची दांडीही आकाशी. त्यांनी आधी एक लांबलचक श्वास घेतला. तो घेऊन होईपर्यंत लोक वाट पाहत राहिले, कारण गुरूंचा श्वास हाही कार्यक्रमाचाच भाग होता.

"डॉक्टर तुम्हाला काय देतात?" त्यांनी विचारलं आणि खिशातून दम्याचा एक जुना पंप काढून दोन बोटांत उंदराचं शेपूट धरावं तसा धरला. "हे नळकांडं! आणि या नळकांड्यात काय असतं? स्टेरॉइड! हाडं पोखरणारं, तोंड सुजवणारं, साखर वाढवणारं स्टेरॉइड! एकदा ओढलंत की जन्माची सवय! आणि आमच्या पुडीत? सात पहाडांवरच्या सात मुळ्यांचं सत्त्व. ते फुफ्फुसाशी बोलतं. फुफ्फुस रुसलेलं असतं हो, त्याला समजूत घालावी लागते!"

फुफ्फुसाची समजूत घालायला सात पहाड कशाला चढावे लागतात, हे कुणी विचारलं नाही. मंचाखाली एक टोपली ठेवलेली होती. लोक रांगेने येऊन आपापले पंप तीत टाकत होते. अण्णांनी आपला पंप चार महिन्यांपूर्वीच टाकला होता, तोही काटाताईच्याच आग्रहावरून.

अण्णांचा आजार बेकरीतून आला होता. चाळीस वर्षं ते भट्टीवर होते. समोर लाकडाचा धूर, मागे उडणारा मैदा, आणि दोन्हींच्या मधे अण्णा. आधी पावसाळी हवेत छाती वाजायची, मग बाराही महिने वाजायला लागली, आणि शेवटी घराच्या अकरा पायऱ्या चढायला त्यांना तीनदा बसावं लागायचं. छातीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रोज सकाळ-संध्याकाळ ओढायला पंप दिला होता. पण तो ओढून लगेच काही चमत्कार होत नसे, म्हणून अण्णा तो आठवण झाली तर ओढत, आणि आठवण फक्त दम लागला की होत असे.

काटाताई त्याच बेकरीत पावाचे गोळे तोडायला होती. तिचं हे नावही तिथलंच. मळलेल्या मैद्याचा ढीग समोर घेऊन ती बसे, हाताने गोळा तोडे आणि परातीत टाके. शंभर गोळे वजन करून पाहिले तरी सगळे सारखे निघत. मालकांनी एकदा तिच्यासमोर वजनकाटा ठेवला, दोन दिवस तपासलं आणि काटा उचलून नेला. हिचा हातच काटा आहे, म्हणाले. तेव्हापासून ती काटाताई.

ही कीर्ती माईकवाल्याच्या कानावर गेली. तो गुरूंचा उजवा हात. "ताई, तुमच्यासारख्या शुद्ध हाताची सेवा हवी आहे," असं म्हणून त्याने तिला सिनेमागृहाच्या मागच्या खोलीत नेलं. काम साधं होतं. एका पातेल्यात वाळक्या पाल्याची हिरवी भुकटी असे. एका डब्यात पांढरी भुकटी, तिला म्हणायचं 'बीज'. पुडीत चमचाभर पाला घालायचा आणि त्यावर बीजाची एक चिमूट. कमी नाही, जास्त नाही. दर बुधवारी, बेकरीचं काम आटोपलं की दुपारी दोनपासून. एकशे चाळीस माणसं, प्रत्येकाच्या आठवड्याच्या सात पुड्या, प्रत्येक गठ्ठ्यावर नाव. "आणि एक लक्षात ठेवा," माईकवाल्याने बजावलं होतं, "ही पुडी डॉक्टरच्या कानावर गेली की मरते. तिचा गुण जातो."

पहिल्याच आठवड्यात अण्णा न थांबता अकरा पायऱ्या चढले. वर पोचून त्यांनी खाली तिच्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. काटाताईला भरून आलं. पुढच्या बुधवारी अण्णांच्या पुड्या भरताना तिचा हात बीजाच्या डब्याकडे दुसऱ्यांदा गेला. एका चिमटीने एवढं होतं, तर दोहोंनी किती होईल! त्यात तिला काही चुकलंय असं वाटलं नाही. वाटला तो थोडा संकोच, पंगतीत आपल्या माणसाला हळूच जास्त वाढताना वाटतो तेवढाच.

अण्णा सुधारलेच. भूक अशी वाढली की दोन पावांच्या जागी पाच. झोप मात्र येईना. हातावर कशाने लागलं हे न कळताच जांभळे डाग पडू लागले. कातडी कागदासारखी झाली. एकदा कंबरेत कळ आली ती राहिलीच. काटाताईने हे माईकवाल्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "घाण बाहेर पडतेय, ताई. चाळीस वर्षांची घाण आहे." तिने मान डोलावली. अण्णांच्या छातीतून आवाज येत नव्हता, आणि तिला तेवढंच ऐकायचं होतं.

फुग्याच्या रविवारानंतरचा बुधवार उजाडला. ती मागच्या खोलीत बसून पुड्या भरत होती. साडेतीनशे झाल्या असतील. तिने बीजाच्या डब्यात बोटं घातली आणि बोटांना काहीतरी टणक लागलं. तिने ते बाहेर काढलं. पांढरी, चपटी, अर्धगोल वस्तू. एका बाजूला साफ तुटलेली, आणि तुटलेल्या कडेला लागूनच मधोमध पाडलेल्या रेघेचा उरलेला खोलगटपणा. दुसऱ्या बाजूला कोरलेला एक आकडा.

काटाताईने ती वस्तू तळहातावर उलटसुलट करून पाहिली. मुळी कितीही पवित्र पहाडावर उगवली तरी तिच्यावर आकडा उगवत नाही, एवढं तिला कळत होतं. ही गोळी होती. नीट कुटली न गेलेली, औषधाच्या दुकानात मिळणारी गोळी.

आता खरं तर तिने उठायला हवं होतं. डबा उचलून बाहेर यायला हवं होतं, निदान कुणाला तरी विचारायला हवं होतं. तिने काय केलं ते ऐका. तिने ती अर्धी गोळी बोटांनी चुरली आणि डब्यात परत टाकली. मग अण्णांचा गठ्ठा शोधून काढला, त्यातल्या सातही पुड्या उलगडल्या, रिकाम्या केल्या, आणि त्यांत नुसता पाला भरला. स्वतःच्या बापाला तिने असं वाचवलं. आणि मग उरलेल्या सहाशे पुड्या समोर ओढल्या आणि संध्याकाळपर्यंत एकेक चिमूट टाकून भरून दिल्या. एकही चिमूट कमी-जास्त झाली नाही. हाताला सवय होती.

ती स्वतःला समजावत राहिली. लोकांना बरं वाटतंय. मी कोण सांगणार? आणि सांगितलं तर अण्णा काय म्हणतील? ते तर गावभर सांगत फिरतात, माझी लेक पुड्या भरते. पुढच्या बुधवारी बघू.

पुढचा बुधवार यायच्या आधीच, सोमवारी सकाळी, अण्णा न्हाणीच्या दारात कोसळले. शुक्रवारपासूनच त्यांना उठवत नव्हतं, अन्न नको झालं होतं. रविवारी दोनदा उलटी झाली. छाती पुन्हा वाजायला लागली होती. सोमवारी ते भिंतीला धरून उभे राहिले आणि तसेच घसरत खाली बसले. हात गार, ओठ पांढरे. काटाताई धावत रिक्षा घेऊन आली.

छातीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी अण्णांना ओळखलं. रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला. वाटोळा, सुजलेला चेहरा पाहिला, हातावरचे जांभळे डाग पाहिले.

"ताई, यांना काय औषध चालू आहे?"

"काही नाही."

"पंप घेतात?"

"नाही. सोडला."

"मग दुसरं काही? गोळी, काढा, पुडी? नुकतंच काही बंद केलंय का?"

काटाताई अण्णांकडे बघत होती. नर्स त्यांच्या हातात सुई घालत होती आणि शीर सापडत नव्हती. "नाही," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी मानेनेच बरं म्हटलं आणि त्या वळल्या. दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी, पण खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "हे बघा, मी पुन्हा विचारते. यांचा चेहरा सांगतोय की यांनी महिनोन्महिने एक औषध घेतलंय. यांचा रक्तदाब सांगतोय की ते अचानक बंद झालंय. मी अंदाजाने इंजेक्शन देतेच आहे. पण माझा अंदाज चुकला तर यांचा जीव जाईल. मला खात्री हवी. तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी."

"मग सांगा."

तिने सांगितलं. आधी पुडी सांगितली, मग बीज, मग दोन चिमटी, मग गोळी. रडत रडत सांगितलं म्हणून ते लवकर संपलं नाही. डॉक्टरबाईंनी मधे एकदाच विचारलं, "चार महिने?" आणि लगेच नर्सला इंजेक्शन द्यायला सांगितलं. सलाइन चालू झालं. दुपारी एकच्या सुमारास अण्णांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तेव्हा कुठे काटाताईने भिंतीला पाठ टेकली.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी तिला बोलावलं. तिची चिमूट मोजायची होती. तिने इस्त्रीवाल्या मावशींना पोचवायच्या राहून पर्समध्येच पडलेल्या दोन पुड्या त्यांना दिल्या, आणि औषध तोलायच्या नाजूक काट्यावर मिठाच्या दहा चिमटी टाकून दाखवल्या. दहाही वेळा काटा एकाच ठिकाणी थांबला. डॉक्टरबाई त्या काट्याकडे बघत राहिल्या. "एवढ्या हुशार हाताला काय कामाला लावलं हो त्या लोकांनी," त्या म्हणाल्या.

पुड्या तपासायला गेल्या. चौथ्या दिवशी कागद आला. पाला साधाच होता, कुठल्याही कुंपणावरचा. बीज मात्र स्टेरॉइड होतं. तेच, ज्याच्या नावाने गुरू दर रविवारी बोटं मोडत होते.

"म्हणजे पंपातही तेच आणि पुडीतही तेच?" काटाताईला काही उमगेना. "मग पंप चांगला आणि पुडी वाईट, असं कसं?"

डॉक्टरबाईंनी कागदावर एक नळी काढली. "यांच्या श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात. सूज म्हणजे आत जागा कमी, म्हणून दम लागतो. सूज उतरवणारं औषध नेमकं तिथेच पोचवायचं, अगदी थोडं, रोज. पंप ते करतो. प्रत्येक छातीच्या रुग्णाला ते लागतंच असं नाही. यांच्या आजारात दम्याचा भाग आहे, म्हणून यांना लागतं. दिवसभराच्या फवाऱ्यांत मिळून, नुसतं वजन धरलं तर, एका गोळीचा दहावा हिस्सासुद्धा औषध नसतं. पुडी पोटातून रक्तात जाते आणि अख्ख्या अंगात फिरते. सूज उतरते, भूक लागते, अंगात बळ आल्यासारखं वाटतं. लोक म्हणतात चमत्कार. आणि हाडं, साखर, कातडी, डोळे यांचं जे व्हायचं ते मुकाट्याने होत राहतं. आम्हीही या गोळ्या देतो, पण आजार फार बळावला तर, मोजून, थोड्याच दिवसांसाठी. तुमच्या एका चिमटीत रोजच्या चार गोळ्या होत्या."

"अण्णांच्या पुडीत आठ," काटाताई म्हणाली.

"आठ. त्यांच्या मणक्याचं एक हाड दबलंय. ते आता तसंच राहणार."

काटाताईने विचारलं, "पण मी तर बंद केली होती. बंद केल्यावर का पडले?"

"हे द्रव्य आपलं शरीर स्वतःही बनवतं, रोज थोडं थोडं. बाहेरून पोतंभर मिळायला लागलं की शरीर बनवायचं सोडून देतं. तुम्ही एका दिवसात पोतं उचलून नेलंत. आत तर काहीच तयार नव्हतं. ते हळूहळू कमी करावं लागतं, आठवडे लागतात." मग त्यांनी हलकेच विचारलं, "बाकीचे एकशे एकोणचाळीस अजून घेताहेत ना?"

घेत होते, आणि येत्या रविवारनंतर कुणालाच नवी पुडी मिळणार नव्हती. चौकाचौकांत फलक लागले होते: श्वासगुरूंचा निरोप समारंभ, गुरू पुढच्या प्रवासाला. लोकांना बरं करून झालं होतं. आता पुढच्या शहरातली फुफ्फुसं रुसली असणार. डॉक्टरबाईंनी औषध तपासणीच्या कार्यालयाला कळवलं होतं. साहेब सोमवारी येतील, असं उत्तर आलं. गुरू रविवारी संध्याकाळी निघणार होते, आणि काटाताई दवाखान्यात असताना या बुधवारी माईकवाल्यानेच भरून वाटलेल्या शेवटच्या पुड्या पुढच्या बुधवारी सगळ्यांच्या एकाच दिवशी संपणार होत्या.

रविवारी सिनेमागृह पुन्हा खचाखच भरलं. अण्णांनीच हट्ट धरला होता, मलाही यायचंय. दवाखान्यातून चार तासांची परवानगी मिळाली. काटाताई त्यांची चाकांची खुर्ची ढकलत आत आली तसे लोक चूप होत गेले. ज्यांनी चौदा दिवसांपूर्वी भोपळ्याएवढा फुगा पाहिला होता, त्यांना हा वाकलेला, मान खाली घातलेला माणूस ओळखायला वेळ लागला.

गुरू मात्र एक क्षणही गडबडले नाहीत. धंद्यात मुरलेला माणूस. "बघा!" ते गरजले. "डोळे भरून बघा! पुडी सोडली, दवाखान्यात गेले, नळकांडं तोंडाला लावलं, आणि सहा दिवसांत ही दशा! मला वाईट वाटतं हो, पण बरं झालं, तुमच्या डोळ्यांसमोर पुरावा आला!"

हलकल्लोळ झाला. डॉक्टरबाईंनी पुढे येऊन कागद वाचून दाखवला. पुडीत काय आहे, किती आहे, ते सांगितलं. पुढच्या रांगांतून हसण्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, "बाईंचे पेशंट तुटले ना!"

माईकवाल्याने हात वर केला. "एकच साधा प्रश्न, बाई. एकशे चाळीस माणसं पुडी घेतात. एकशे चाळीस! सगळी ठणठणीत बसलीत इथे. विषच असतं तर सगळे पडले असते. हा एकटाच का पडला? द्या उत्तर."

प्रश्न बिनतोड होता. लोकांनी माना डोलावल्या. डॉक्टरबाईंनी काटाताईकडे पाहिलं, आणि पाहून नजर खाली केली. हे उत्तर त्यांना माहीत होतं. पण ते द्यायचं काम त्यांचं नव्हतं.

काटाताईच्या हातात अण्णांच्या खुर्चीची मूठ होती. अण्णांना पुडीतल्या गोळीचं कळलं होतं, पण बाकीचं तिने त्यांना सांगितलं नव्हतं. सहा दिवस तिने पाणी पाजलं, चादर बदलली, पंप कसा ओढायचा ते नर्सकडून शिकून त्यांना शिकवलं, आणि प्रत्येक वेळी ठरवलं होतं की आज नको. आता घरी, चार भिंतींत, हळू आवाजात सांगायची संधी हातची गेली होती.

ती मंचावर चढली आणि माईकवाल्याच्या हातातून माईक घेतला. तो इतका चकित झाला की त्याने तो दिला.

"मी सांगते," ती म्हणाली. आवाज फाटला. तिने पुन्हा सुरुवात केली. "तुमच्या सगळ्यांच्या पुड्या मी भरल्या. तुमच्या पुडीत बीजाची एक चिमूट असायची. अण्णांच्या पुडीत मी दोन टाकायचे. माझा बाप म्हणून. मावशी, तुम्ही विचारलं होतं, तेव्हा मी खोटं बोलले."

इस्त्रीवाल्या मावशींनी पदर तोंडाला लावला.

"मग गेल्या बुधवारच्या आदल्या बुधवारी मला डब्यात गोळी सापडली. आकडा असलेली, दुकानातली. मला कळलं की यात काहीतरी काळंबेरं आहे. आणि मी घाबरून त्या दिवसापासून अण्णांचं बीज बंद केलं. फक्त अण्णांचं. म्हणून ते एकटे पडले. जे औषध आठवडे लावून सोडायचं ते मी एका दुपारी सोडवलं." तिला श्वास घ्यावा लागला. "आणि त्याच दुपारी, सगळं कळल्यावर, मी तुमच्या सहाशे पुड्या भरल्या. त्या तुम्ही आठवडाभर घेतल्यात. बापाच्या तोंडातून काढलं आणि तुमच्या तोंडात घातलं."

अण्णांच्या छातीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात असावा. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिची हिंमतच झाली नाही.

"हिनेच कबूल केलं!" श्वासगुरूंचा आवाज आला. लांब श्वास घ्यायचा ते या वेळी विसरले होते. "हिनेच मिसळलं! आमचं बीज शुद्ध होतं, हिने गोळ्या—"

"मग खा," अण्णा म्हणाले.

आवाज बारीक होता, पण माणूस चाळीस वर्षं भट्टीच्या घरघरीवरून हाका मारत आला होता. त्यांनी खुर्चीचे हात धरले. "शुद्ध आहे ना? तुमच्या खोलीत डबा असेल. आणा. दोन चिमटी रोज, चार महिने खा. डॉक्टरांसमोर. मी येऊन मोजतो."

गुरूंनी माईकवाल्याकडे पाहिलं. माईकवाल्याने दाराकडे पाहिलं. ते पाहणं सगळ्या सभागृहाने पाहिलं, आणि आधी हसलेल्या रांगा आता हसल्या नाहीत. कोपऱ्यातला एकजण उठला, पुड्यांचा गठ्ठा खिशातून काढून जमिनीवर आपटला. दुसऱ्याने आपटला. "फेका!" कुणीतरी ओरडलं. "नाल्यात फेका सगळ्या!"

"फेकू नका!" काटाताई किंचाळली. "ऐका! फेकू नका! फेकलीत तर तुमचंही अण्णांसारखं होईल. ती पुडी घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टर गोळी मोजून देतील आणि मोजून कमी करतील. रागावून सोडू नका. शिव्या मला द्या, पण पुडी उचला."

माणसांना हे फार अवघड गेलं. जी वस्तू विष आहे असं आत्ताच ऐकलं ती वाकून उचलायची, घरी न्यायची! पण डॉक्टरबाईंनी तिथेच टेबल टाकलं, आणि हळूहळू रांग लागली. काटाताईला सगळी नावं पाठ होती. जे आले नव्हते त्यांचीही तिने सांगितली, पत्ते सांगितले. रांगेतून तिच्याशी कुणी बोललं नाही. इस्त्रीवाल्या मावशींचा नंबर आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या गुडघ्यावरचे काळे डाग त्याचेच का गं?" तिने हो म्हटलं. मावशी पुढे सरकल्या. गुरू आणि माईकवाला तोवर मागच्या दाराने निघून गेले होते. पंपांची टोपली तेवढी मंचाखाली राहिली. त्यांतले बहुतेक पंप कुणाचे ते ओळखू येत नव्हते, म्हणून डॉक्टरबाईंनी सगळ्यांना नवे दिले.

दवाखान्यात परतल्यावर अण्णांनी नर्सच्या देखरेखीखाली पंप ओढला. आधी श्वास पूर्ण सोडला, मग हळू घेतला, दहापर्यंत मोजेस्तोवर धरला, आणि उठून चूळ भरली. काटाताई दाराशी उभी होती. त्यांनी तिला जवळ बोलावलं नाही, पण जा असंही म्हणाले नाहीत.

"मैदा मी कधी न चाळता घेतला नाही," ते पुन्हा आडवे होऊन छताकडे बघत म्हणाले. "मालक सांगायचे, पोतं नवं आहे, घ्या तसंच. मी चाळायचोच. आणि ही पुडी चार महिने गिळली. कुणी, कशाची, काहीएक विचारलं नाही. बरं वाटत होतं ना. बरं वाटलं की माणूस चाळत नाही. तो दोष माझा. तुझ्या दुसऱ्या चिमटीचंही मला काही नाही. माया होती ती."

"अण्णा—"

"माझी बंद केलीस त्या दुपारी," अण्णा म्हणाले, "त्यांची का नाही केलीस?"

तिला बरीच कारणं आठवली, आणि त्यांतलं एकही या माणसासमोर उच्चारण्याजोगं नव्हतं. अण्णांनी भिंतीकडे कूस वळवली. मणका दुखत होता म्हणून ते अगदी सावकाश वळले.

त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. बेकरीचं काम आटोपलं की काटाताई आता छातीच्या दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसते आणि आलेल्यांना पंप कसा ओढायचा ते दाखवते. कुणी विचारतं, पंपाने सवय लागते का हो? ती सांगते, सवय औषधाची नाही, आजार रोजचा आहे म्हणून औषध रोजचं. कुणी कुठल्याशा नव्या पुडीचं नाव काढतं, आठवड्यात गुण येतो म्हणतं. तेव्हा ती हातातला पंप बाजूला ठेवते.

"आत काय आहे ते विचारा," ती म्हणते. "सांगत नसतील तर घेऊ नका. घेतली असेल तर डॉक्टरपासून लपवू नका. आणि आत काय आहे हे ज्याला कळलंय, त्याने फक्त आपल्या घरच्यांना सांगून थांबू नये."

शेवटचं वाक्य बोलताना ती समोरच्या माणसाकडे बघत नाही.